दादीलाही घेऊन चला ताडोबाला

सुटी जवळ आली की आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये एकच विषय असतो : यंदा कुठे? महाबळेश्वर, गोवा, अजमेर ही नेहमीची नावे निघतात. कुणी जंगलाचे नाव काढले की दोन हरकती लगेच येतात. पहिली, "खाण्याचे हाल होतील." दुसरी, "घरात म्हातारे माणूस आहे, कसे जमणार?" मग बहुतेक घरी व्हायचे तेच होते. बाप आणि मुलगे मित्रांबरोबर जंगल पाहून येतात, दादी घरी राहते आणि दादीजवळ थांबायला सून असतेच.

लग्नासाठी आपण हजार किलोमीटरचा प्रवास करतो. त्यात दादी असते, तान्ही मुले असतात, चार पेट्या आणि आहेराची बोचकी असतात. तेव्हा कुणी म्हणत नाही की म्हाताऱ्या माणसाला जमणार नाही. सुटीच्या प्रवासालाच ही अडचण का आठवते, याचा आपल्या घरांनी थोडा विचार करायला हवा.

आमच्या घरी माणसे सहा. आम्ही दोघे, तीन मुले आणि मुलांची दादी, म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचे वय ७१, गुडघे दुखतात, साखरेची आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. धाकटा आठ वर्षांचा. आम्ही सहाही जण डिसेंबरात ताडोबाला जाऊन आलो. तेव्हापासून ओळखीच्या भगिनी विचारतात, कसे जमवले? त्यांना तोंडी सांगितले तेच इथे लिहीत आहे.

महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्याने सहा आहेत : ताडोबा, नवेगाव, पेंच, गुगामल, संजय गांधी आणि चांदोली. मुंबईकरांना बोरिवलीचे संजय गांधी उद्यान एका दिवसात होते, त्याला तयारी लागत नाही. पण मुलांना खरे जंगल दाखवायचे असेल तर विदर्भात जावे लागते. त्यात ताडोबा मला सोयीचे वाटले, कारण मोहर्लीचे प्रवेशद्वार चंद्रपूर शहरापासून साधारण ३० किलोमीटरवर आहे. दादीला बरे वाटेनासे झाले तर तासाभरात शहर, दवाखाना, औषधांचे दुकान गाठता येते. वाघ कुठे जास्त दिसतो यापेक्षा मी हे आधी पाहिले.

ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ चे. पुढे १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य झाले आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. आतला गाभा, ज्याला कोअर म्हणतात, सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा आहे. त्याभोवती बफरचा पट्टा, त्यात गावे आणि शेतीही आहे. साग आणि बांबूचे हे जंगल. ताडोबा हे नाव 'तारू' या गोंड गावप्रमुखावरून पडले, असे तिथले लोक सांगतात. वाघाशी झुंजताना तो मारला गेला. तलावाकाठी त्याचे स्थान आहे आणि पौष महिन्यात आदिवासींची जत्रा भरते. मुलांना जाण्याआधी एवढे सांगून ठेवा, म्हणजे ते केवळ वाघ मोजायला जाणार नाहीत.

कधी जावे

कोअर भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो आणि एरवी दर मंगळवारी बंद. या दोन गोष्टी आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

वाघ दिसण्याची शक्यता एप्रिल-मेमध्ये सर्वांत जास्त. पाणी आटते, जनावरे पाणवठ्यावर येतात, झाडांची पाने गळालेली असतात. जंगलाचे शौकीन म्हणूनच उन्हाळा पसंत करतात. पण चंद्रपूरचा मे म्हणजे ४५ अंशांच्या पुढे जाणारा पारा. वर छप्पर नसलेल्या जीपमध्ये दादीला आणि आठ वर्षांच्या मुलाला त्या उन्हात बसवणे मला पटत नाही. वाघाची शक्यता थोडी कमी झाली तरी चालेल, दिवाळीची सुटी किंवा डिसेंबर-जानेवारी बरा.

उन्हाळ्याच्या सुटीत जायचेच असेल तर आणखी एक हिशेब आहे. आपले सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. २०२७ मध्ये बकरी ईद मेच्या मध्याला आणि २०२८ मध्ये मेच्या पहिल्या आठवड्यात येण्याचा हिशेब आहे. ईदला गावी जाणारी माणसे, त्यानंतरचे पाहुणे आणि रेल्वेची गर्दी हे सगळे एकाच पंधरवड्यात येईल. आरक्षण करण्याआधी चांदाचा हिशेब पाहा.

आठवड्याचे दिवस निवडताना शनिवार-रविवार टाळा. गर्दी जास्त आणि सफारीचे शुल्कही जास्त. बुधवारी संध्याकाळी मुक्कामाला पोहोचायचे, गुरुवारी आणि शुक्रवारी सकाळी सफारी, हा क्रम आम्हाला फार सोयीचा पडला. शुक्रवारची सफारी साडेदहाच्या आत संपते. सामान बांधून निघाले तरी पुरुषांना चंद्रपूरला जुम्याच्या नमाजला सहज पोहोचता येते.

आधी सफारी, मग रेल्वे, मग खोली

बहुतेक लोक आधी रिसॉर्टची खोली घेतात आणि सफारीचे तिथे गेल्यावर पाहू म्हणतात. हा क्रम उलटा हवा. प्रत्येक प्रवेशद्वारातून सकाळी आणि दुपारी ठरावीक गाड्यांनाच आत सोडतात. सुटीच्या दिवसांत त्या जागा खूप आधी भरतात. म्हणून सफारी पक्की झाल्याशिवाय बाकी कशालाही पैसे भरू नका. नोंदणी वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर होते. नावात ताडोबा असलेली खासगी एजंटांची संकेतस्थळे पुष्कळ आहेत, दिसायला ती सरकारीच वाटतात. पैसे भरण्याआधी घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला एकदा पाहायला सांगा.

एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात, शिवाय चालक आणि गाईड. प्रवेश, गाडी आणि गाईड यांचा खर्च मिळून पूर्ण गाडीचा असतो. म्हणजे चार माणसे गेली काय आणि सहा गेली काय, गाडीचा खर्च तोच. आमच्या घरात दादीला सोडून गेलो असतो तर पैसे वाचलेच नसते, नुसती एक जागा रिकामी राहिली असती! माणसे सात असतील तर मात्र दुसरी गाडी करावी लागते. तेव्हा एखाद्या नात्यातल्या कुटुंबाला बरोबर घ्या आणि दोन गाड्या भरून जा.

दोन्ही फेऱ्या कोअरच्याच हव्यात असे नाही. बफरची सफारी स्वस्त असते आणि वाघ काही सीमा पाहून फिरत नाही. मोहर्लीजवळ आगरझरी, देवाडा, जुनोना ही बफरची प्रवेशद्वारे आहेत. एक सकाळ कोअर, एक सकाळ बफर असे केले तर खर्च बेताचा राहतो.

प्रवेशद्वार निवडताना नकाशा समोर ठेवा. मोहर्ली दक्षिणेला, चंद्रपूरच्या बाजूला. कोलारा आणि नवेगाव उत्तरेला, चिमूरच्या बाजूला. गुरुवारी मोहर्ली आणि शुक्रवारी कोलारा अशी नोंदणी करू नका. एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत जायला बाहेरून पूर्ण जंगलाला वळसा पडतो आणि पहाटे तो शक्य नाही. मुक्काम जिथे, तेच दार.

नावाचे एक अक्षर

हा मुद्दा आपल्या घरांसाठी फार महत्त्वाचा आहे, म्हणून थोडा सविस्तर. सफारीच्या नोंदणीत प्रत्येक माणसाचे नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक द्यावा लागतो आणि प्रवेशद्वारावर तेच मूळ ओळखपत्र दाखवावे लागते. आयत्या वेळी एकाच्या जागी दुसरा माणूस चालत नाही.

आता आपल्या घरातली कार्डे काढून पाहा. शेख हे आडनाव इंग्रजीत चार प्रकारे लिहिलेले असते. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे दोन अक्षरांत. आजीच्या नावापुढे आधारवर 'बी', मतदार कार्डावर 'बेगम' आणि रेशनकार्डावर काहीच नाही. लग्नानंतर सुनेचे आधार बदलले, पॅन तेच राहिले. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला याच कारणाने पहाटे दारावर अर्धा तास थांबावे लागले. नोंदणी करणाऱ्या भाच्याने आजीचे नाव घरात हाक मारतात तसे लिहिले होते. शेवटी आत सोडले, पण चार तासांच्या सफारीतला अर्धा तास गेला आणि आजींना उगीच वाटत राहिले की आपल्यामुळे सगळे अडले.

यासाठी नोंदणीला बसण्यापूर्वी सगळ्यांची कार्डे टेबलावर मांडा. जे कार्ड प्रवासात सोबत राहणार आहे, त्यावरचे नाव अक्षर न अक्षर उतरवा. रेल्वेच्या तिकिटावरही तेच. लहान मुलांचे आधार काढलेले नसेल तर आधी काढून घ्या. सगळी मूळ कार्डे एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल एकाच माणसाच्या ताब्यात द्या. आमच्याकडे ते काम थोरलीकडे होते. तिने ते एखाद्या मुख्याध्यापिकेच्या रुबाबात केले.

जाणे-येणे

रेल्वेचे आरक्षण सध्या ६० दिवस आधी सुरू होते. मुंबईहून विदर्भ आणि सेवाग्राम एक्स्प्रेस, कोल्हापूर-सातारा-पुण्याकडून महाराष्ट्र एक्स्प्रेस, पुण्याहून आझाद हिंद, या सगळ्या नागपूरला जातात. ज्येष्ठ नागरिकांची रेल्वेतली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तेव्हा दादीचे तिकीट पूर्ण धरा आणि खालचा बर्थ मागा. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर त्याचेही पूर्ण भाडे लागते.

नागपूरहून चंद्रपूर साधारण १५० किलोमीटर. इथे एसटीचा विचार जरूर करा. महिलांना एसटीत मार्च २०२३ पासून निम्मे भाडे आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मे आणि ७५ च्या पुढे प्रवास मोफत. आमच्या सहा जणांत बायका-मुली चार. चंद्रपूरहून मोहर्लीला एसटी जाते, पण फेऱ्या मोजक्या, म्हणून शेवटच्या टप्प्याला आम्ही गाडी केली. रिसॉर्टवाले सांगितले तर गाडी पाठवतात. भाडे आधी ठरवून घ्या आणि तीच गाडी परतीसाठीही सांगून ठेवा.

स्वतःची गाडी असेल तर मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग आता पूर्ण ७०१ किलोमीटर खुला आहे. पण सरळ रस्त्यावर झोप येते. एकाच चालकाने सलग इतके अंतर कापू नये. संभाजीनगरला रात्र काढा.

सकाळी नागपूरला उतरलात तर नाश्ता-जेवण स्टेशनापासून जवळच असलेल्या मोमीनपुऱ्यात होऊ शकते. बरेच जण ताजबागला बाबा ताजुद्दीन यांच्या दर्ग्यावरही जातात. वेळ असेल तर जा, पण अंधार पडण्यापूर्वी मोहर्लीला पोहोचायचे आहे हे विसरू नका. वाटेत वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांचे आनंदवन आहे. शाळकरी मुले बरोबर असतील तर तिथे तास-दोन तास थांबावेच.

मुक्काम आणि दस्तरखान

मोहर्लीत पर्यटन विकास महामंडळाचा आणि वनविकास महामंडळाचा, असे दोन सरकारी मुक्काम आहेत. खासगी रिसॉर्ट आणि गावातली घरगुती निवासेही आहेत. खोली घेताना तीन प्रश्न विचारा. खोली तळमजल्यावर आहे का? शौचालय पाश्चात्त्य पद्धतीचे आहे का? पहाटे पाचला गरम पाणी मिळेल का? दादीचा सगळा प्रवास या तीन उत्तरांवर अवलंबून आहे. पोहण्याच्या तलावाचे फोटो पाहून खोली घेणाऱ्यांना हे आठवत नाही.

जेवणाचा प्रश्न आपण उगीच मोठा करतो. दोन-तीन दिवस शाकाहारी खाल्ले तर काय बिघडते? वरण-भात, झुणका-भाकरी, वांग्याची भाजी, ताक. गरम गरम वाढलेले. मटण-कोंबडी कुठून येते, कोण जिबाह करते, याची चौकशी प्रत्येक ताटापाशी करत बसण्यापेक्षा खोली घेतानाच "आमचे जेवण शाकाहारी" असे सांगून टाकले की दोन्ही बाजूंना संकोच राहत नाही. सावजीच्या पाट्या रस्त्यावर जागोजागी दिसतील. हलालचा प्रश्न बाजूला ठेवला तरी ते तिखट आपल्या मुलांच्या पोटाला झेपणारे नाही.

काही घरांत सुटीला निघताना स्टोव्ह, डेगची आणि मसाल्याचा डबा बरोबर घेतात. एकतर रिसॉर्टमध्ये खोलीत स्वयंपाक करू देत नाहीत, आणि करू दिला तरी तो कोण करणार? जी वर्षभर करते तीच. मग तिची सुटी कुठे गेली? सोबत कोरडे खाणे भरपूर घ्या : खजूर, नानखटाई, चिक्की, भाजलेले शेंगदाणे, मेथीच्या पुऱ्या. माझ्या माहेरच्या लोकांना सांगते, सुकटीची चटणी मात्र घरीच ठेवा. डबा उघडल्यावर सगळा डबा, म्हणजे रेल्वेचा, तुमच्याकडे पाहील.

सकाळच्याच फेऱ्या का

सफारीच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. सकाळची फेरी सूर्योदयाच्या आसपास सुरू होते आणि दहा-साडेदहाच्या सुमारास संपते. दुपारची दोन-अडीचनंतर सुरू होते आणि सूर्यास्ताच्या सुमारास संपते. आमच्या दोन्ही फेऱ्या सकाळच्या होत्या, आणि त्या तशा ठरवूनच घेतल्या होत्या.

कारण घड्याळात आहे. आपण मुंबई-पुण्याचे किंवा कोकणातले नमाजचे वेळापत्रक घेऊन निघतो. चंद्रपूर मुंबईच्या बरेच पूर्वेला आहे. तिथे सूर्य मुंबईपेक्षा साधारण २५ मिनिटे आधी माथ्यावर येतो, म्हणून जोहर तेवढी आधी. बाकीच्या वेळाही कमी-अधिक तेवढ्याच अलीकडे सरकतात. घरचे वेळापत्रक तिथे चालत नाही. मोबाइलमध्ये चंद्रपूरच्या वेळा काढा आणि कागदावर लिहून घ्या, कारण मोबाइल आत नेता येत नाही. त्याबद्दल पुढे सांगते.

डिसेंबरच्या अखेरीस तिथे सूर्यास्त पावणेसहाच्या आतच होतो आणि हनफी हिशेबाने असर चारच्या थोडे पुढे सुरू होते. म्हणजे दुपारच्या सफारीत असरची पूर्ण वेळ जंगलात जाते. गाडीतून खाली उतरायला बंदी असते. ठरावीक जागीच उतरू देतात आणि तिथे गाडी केव्हा पोहोचेल हे त्या दिवशीच्या जनावरांवर अवलंबून.

माझे माहेर कोकणातले, शाफई. सासर हनफी. त्यामुळे आमच्या घरी या विषयाची दोन्ही उत्तरे माहीत आहेत. शाफई मसलकात मुसाफिराला जोहर आणि असर एकत्र करता येतात. दोन-दोन रकात कसर पढून दोन वाजता जीपमध्ये बसता येते. हनफी मसलकात कसर आहे, पण एका नमाजच्या वेळेत दोन्ही एकत्र करण्याची मुभा नाही. दुपारची फेरी घेतलीच असेल तर गाईडला आधीच सांगा की उतरण्याच्या जागी पाच मिनिटे हवी आहेत, आणि ते न जमल्यास काय करायचे हे निघण्यापूर्वी आपल्या इमामसाहेबांना विचारून ठेवा. जीप चालू असताना मागच्या बाकावर यावर वाद नको. सकाळच्या फेरीत हा प्रश्नच नाही. डिसेंबरात फजर साडेपाचच्या सुमारास सुरू होते. वजू करून निघा, खोलीवर जमले नाही तर दारावर गाड्यांची रांग लागते तिथे बाजूला जानमाज अंथरता येते. आम्ही तसेच केले. आमच्या चालकाने गाडी थोडी आडवी लावून आडोसा करून दिला.

दादीसाठीही सकाळच बरी. रात्रीची झोप झालेली असते, ऊन नसते, परत आल्यावर दुपारभर आराम मिळतो. फक्त थंडीची तयारी हवी. उघड्या जीपमध्ये डिसेंबरची पहाट हाडांपर्यंत जाते. स्वेटर, शाल, कानटोपी आणि मांडीवर घ्यायला एक गोधडी.

जीपमध्ये दादी

जिप्सीची पायरी उंच असते. आम्ही रिसॉर्टमधून प्लास्टिकचे छोटे स्टूल मागून घेतले, त्यावर पाय ठेवून दादी चढल्या. त्यांना चालकाच्या लगेच मागच्या बाकावर, मधे बसवा. मागचे बाक उंच असतात आणि त्यांना धक्के जास्त बसतात. पाठीमागे उशी द्या. ज्यांच्या कंबरेची किंवा मणक्याची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी आणि गरोदर भगिनींनी मात्र ही सफारी करू नये. रस्ते कच्चे आहेत.

साखरेचे रुग्ण असतील तर पहाटे उपाशी गोळी घेऊन चार तास फिरणे धोक्याचे. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना वेळा सांगून गोळी केव्हा घ्यायची ते लिहून घ्या. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, त्याबद्दलही विचारा, कारण मधे शौचालय मिळेलच असे नाही. खिशात खजूर आणि बिस्किटे ठेवा. पाण्याची बाटली पुन्हा भरता येणारी घ्या, प्लास्टिकचा कचरा आत टाकणे गुन्हा आहे.

कपडे खाकी, मातकट, हिरवे असावेत. भडक लाल-पांढरे नको. ओढणी, दुपट्टा किंवा नकाब वाऱ्यात फडफडणार नाही असा पिन लावून घट्ट बसवा. आणि पुरुषांसाठी एक विनंती : अत्तर त्या दोन दिवसांसाठी घरीच राहू द्या.

ताडोबात सफारीला मोबाइल नेता येत नाही. साधा कॅमेरा चालतो. घरात जुना डिजिटल कॅमेरा पडला असेल तर चार्ज करून घ्या. धाकट्याला मोबाइल नाही हे कळल्यावर तो रुसला होता, पण अर्ध्या तासात विसरला. ताडोबात गावातल्या मुली आणि स्त्रियाही गाईडचे काम करतात. आमची गाईड तशीच विशीतली मुलगी होती. तिने मुलांना ऐकायला शिकवले. चितळ ओरडले की थांबायचे, वानर झाडावरून कुठे पाहते ते पाहायचे, रस्त्याच्या धुळीत पंजाचा ठसा शोधायचा. पहिल्या सकाळी वाघ दिसला नाही. रानकुत्र्यांचा कळप, गवे, तलावाकाठी मगर आणि मोर एवढे दिसले. दुसऱ्या सकाळी वाघीण रस्ता ओलांडून गेली, जेमतेम एक मिनिट. दादींनी तिला सर्वांत आधी पाहिले आणि मोठ्याने 'सुबहानअल्लाह' म्हणू नये म्हणून तोंडावर पदर धरला. धाकटा तेव्हा झोपला होता. तो अजून ते मान्य करत नाही.

फाटकाबाहेरही जंगलच आहे

ही एक गोष्ट घरातल्या पुरुषांना बजावून सांगा. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना फजरनंतर फेरफटका मारायची सवय असते. मोहर्लीत तो मारायचा नाही. रिसॉर्टच्या कुंपणाबाहेर वाघ, बिबट, अस्वल यांची ये-जा असते. चंद्रपूर जिल्ह्यात मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करायला गेलेली माणसे दरवर्षी वाघाच्या हल्ल्यात बळी पडतात. गावातल्या लोकांना पोटासाठी जावे लागते, आपल्याला नाही. अंधार पडल्यावर मुलांना कुंपणाबाहेर सोडू नका, चेंडू बाहेर गेला तर सकाळी आणा.

आमच्या गाईडने दुसऱ्या दिवशी परतताना मुलांना सांगितले की तिच्या काकांना शेतात वाघाने जखमी केले होते. थोरलीने विचारले, "मग तुम्हाला वाघाचा राग येत नाही?" ती म्हणाली, "येतो. पण घर याच्यावरच चालते." गाडीत बराच वेळ कुणी बोलले नाही.

मोकळ्या दुपारी फार काही करू नका. दादी झोपतात, मुले चित्रे काढतात, इरई धरणाच्या जलाशयाचे दृश्य दिवसाउजेडी पाहता येते. परतीच्या दिवशी चंद्रपूरला तीन-चार तास मिळतात. गोंड राजांचा परकोट अजून शहराभोवती आहे आणि त्याचे चार दरवाजे : जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर. रिक्षा करून चारही पाहता येतात. इतिहासाच्या पुस्तकात गोंड राज्याला दोन ओळी असतात, तिथे मुलांना ते दगडात दिसते.

शेवटी पैशांची एक बारीक गोष्ट. मोहर्ली गाव लहान आहे, मोबाइलला रेंज कधी असते कधी नसते आणि सफारीच्या वेळी तर तो बाहेरच ठेवलेला असतो. मोबाइलवरून पैसे देण्याची सवय आता सगळ्यांनाच आहे. चालकाला आणि गाईडला काही खुशीने द्यायचे असेल तर ते सफारी संपताच, दारावरच द्यावे लागते, कारण ती मंडळी लगेच पुढच्या कामाला निघून जातात. चंद्रपूरहून निघतानाच शंभर-दोनशेच्या नोटा काढून कार्डांच्या फाइलमध्ये ठेवा.